मक्याचं पीक आणि बदलतं हवामान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मक्यावर हवामानाचा परिणाम होतो, हे कुणी वेगळं सांगायला नको. पण तो कधी, कुठल्या वाटेनं आणि किती होतो, याबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : हंगामाची सरासरी पाहून मक्याचं भवितव्य सांगणाऱ्यावर फार विसंबू नका. का, ते पहिल्याच प्रश्नात कळेल.

पाऊस सरासरीइतका पडला, तरी पीक निम्म्यावर आलं. असं कसं होतं?

सरासरीला तारीख नसते, मक्याला असते. पेरणीपासून कापणीपर्यंत मक्याला साधारण ५०० ते ८०० मिलिमीटर पाणी लागतं. पण ही गरज रोज सारखी नसते. रोप वीतभर असताना दिवसाला दोन-तीन मिलिमीटर पुरतात. तुरा आणि कणीस बाहेर पडतात तेव्हा कडक उन्हाच्या दिवशी हीच मागणी सात-आठ मिलिमीटरवर जाते. आठ मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरमधून एका दिवसात ८०,००० लिटर पाणी.

पावसाचा दोन आठवड्यांचा खंड गुडघाभर पिकावर पडला तर झाडं खुजी राहतात, मुळं ओलीच्या शोधात खोल जातात आणि पाऊस परतला की पीक बऱ्यापैकी सावरतं. तोच खंड फुलोऱ्यात पडला, तर पुढे कितीही पाऊस होवो, गेलेला दाणा परत येत नाही. पर्जन्यमापकाच्या नोंदवहीत मात्र दोन्ही हंगाम सारखेच दिसतात.

फुलोऱ्याचे दिवस एवढे नाजूक का?

याचं उत्तर मक्याच्या ठेवणीत आहे. गव्हात आणि भातात नर आणि मादी अवयव एकाच फुलात, एकमेकांना खेटून असतात. मक्यात नर फुलं झाडाच्या शेंड्यावर, तुऱ्यात. मादी फुलं मध्यावर, कणसात. मधलं अंतर परागकणानं वाऱ्यावर, उघड्या हवेत पार करायचं असतं. तुऱ्यातून लाखो परागकण झडतात, पण बाहेर पडलेला कण फार तर एक-दोन तास जिवंत राहतो आणि गरम, कोरड्या हवेत त्याहूनही कमी.

आता कणसाकडे पाहू. कणसाच्या टोकातून बाहेर लोंबणारे रेशमी केस म्हणजे स्त्रीकेसर. प्रत्येक केस आत एकाच संभाव्य दाण्याला जोडलेला असतो. केसावर परागकण पडला, त्यातून नलिका उगवून साधारण दिवसभरात आत पोहोचली, तर दाणा. नाही पोहोचली, तर तिथे कायमची रिकामी जागा. दुसरी संधी नाही.

हे केस जोमात असताना दिवसाला दोन-तीन सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त वाढतात, आणि ही वाढ जवळपास सगळी पाण्याच्या जोरावर असते. जमिनीत ओल नसेल तर केस रखडतात. तुरा मात्र फारसा थांबत नाही, त्याचं काम ठरल्या वेळी सुरू होतं. एका झाडाचा तुरा जेमतेम आठवडाभर पराग सोडतो. म्हणजे केस आठ दिवस उशिरा आले तर वरात निघून गेल्यावर नवरी मांडवात आल्यासारखं होतं. तुरा आणि केस यांच्या येण्यातलं हे अंतर पीक संशोधक दिवसांत मोजतात. दुष्काळी वर्षात मक्याचं किती नुकसान होणार, याचा इतका साधा आणि इतका बोलका आकडा दुसरा क्वचितच सापडेल.

परागीभवन झालं की नाही हे घरबसल्या कळत नाही, पण शेतात पाच मिनिटांत कळतं. केस येऊन आठवडा झाल्यावर एक कणीस तोडा, धारदार चाकूनं आवरण लांबीत चिरून पानं अलगद सोडवा, आणि कणीस बुडाशी धरून हळूच झटका. ज्या केसांचं काम झालं ते दाण्यापासून सुटून खाली गळतात. ज्यांचं झालं नाही ते चिकटून राहतात. वेगवेगळ्या ठिकाणची दहा-पंधरा कणसं अशी झटकून पाहिली की पिकाचा अंदाज येतो, तोही कापणीच्या दीड-दोन महिने आधी.

नेमक्या किती तापमानाला मक्याला त्रास सुरू होतो?

एकच आकडा द्यायचाच झाला तर ३० अंश सेल्सिअसच्या आसपास. अमेरिकेतल्या अनेक दशकांच्या उत्पादनाच्या नोंदी तपासून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की २९ अंशांपर्यंत ऊब वाढेल तसं मक्याचं उत्पादन वाढतं आणि त्यापुढे ते झपाट्यानं घसरतं. चढ हळू, उतार मात्र कड्यासारखा. आफ्रिकेतल्या २०,००० हून अधिक मका चाचण्यांवर आधारित २०११ चा अभ्यासही तेच सांगतो : ३० अंशांवरच्या प्रत्येक 'अंश-दिवसा'मागे उत्पादन पुरेशा पाण्यातही सुमारे एक टक्का घटलं, आणि दुष्काळात १.७ टक्के. अंश-दिवस म्हणजे एक अंश जास्तीची उष्णता पूर्ण एक दिवस सोसणं.

पण हा उंबरठा सगळ्या अवस्थांना सारखा लागू नाही. भरपूर ओल असलेल्या शेतातलं रोप ३५ अंशांतही ताठ उभं असतं. फुलोऱ्यात मात्र ३५ च्या पुढे गेलं की परागकणांची आणि केसांची परीक्षा सुरू होते, आणि ३८ च्या आसपास परागकण मरू लागतात. त्यातल्या त्यात बरी गोष्ट ही, की पराग प्रामुख्यानं सकाळी, दव वाळल्यावर झडतो. त्यामुळे दुपारचा पारा पाहून लगेच हातपाय गाळायचं कारण नाही. सकाळी नऊ-दहालाच उकाडा असह्य होत असेल तर मात्र काळजी करावी.

उष्णता जास्त वाईट की दुष्काळ?

हा प्रश्नच मला नेहमी चुकीचा वाटतो. शेतात ही दोन संकटं क्वचितच वेगळी येतात. हवा एक अंशानं तापली की तिची वाफ धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. वाफ तेवढी वाढली नाही, तर हवा तहानलेली राहते आणि ती तहान पानांतून आणि मातीतून भागवते. म्हणजे पाऊस एक थेंबही कमी न होता, नुसत्या उष्णतेमुळे जमीन लवकर कोरडी पडते. उलट बाजूनं, कोरड्या जमिनीतल्या पिकाला घाम गाळून स्वतःला गार ठेवता येत नाही. त्याची पानं हवेपेक्षा तापतात. एक संकट दुसऱ्याला खांदा देतं.

पिकाला ताण किती, ते पानं सांगतात. दुपारी पानं सुरळीसारखी गुंडाळली आणि संध्याकाळी उलगडली, तर झाड स्वतःला सांभाळतंय. सकाळी उजाडतानाच पानं गुंडाळलेली दिसली तर रात्रभरातही मुळांना पाणी मिळालेलं नाही. फुलोऱ्यात असे तीन-चार दिवस गेले, तर नुकसान काही टक्क्यांचं राहत नाही.

दिवस ठीक होते, रात्री तेवढ्या गरम होत्या. त्यानं काय बिघडतं?

दोन गोष्टी बिघडतात. दिवसा उन्हात तयार केलेली साखर झाड रात्री श्वसनात खर्च करतं, आणि उबदार रात्री हा खर्च वाढतो. दुसरं नुकसान जास्त मोठं आणि कमी लक्षात येणारं आहे. मक्याचं घड्याळ दिनदर्शिकेवर चालत नाही, उष्णतेवर चालतं. साधारण १० अंशांच्या वरची रोजची ऊब तो जमा करत जातो आणि ठरावीक पुंजी झाली की पुढच्या अवस्थेत जातो. रात्री गरम असल्या की पुंजी लवकर भरते, दाणे भरण्याचा काळ आखडतो, आणि पीक आठवडाभर आधी 'तयार' होतं. लवकर आलं म्हणून आनंद होतो, पण वजन केल्यावर दाणा हलका निघतो. दाण्यात भरायला ऊन मिळालं तेच कमी दिवसांचं.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडं जोमानं वाढतात म्हणतात. मग मक्याचा फायदाच नाही का?

गव्हाचा, भाताचा, सोयाबीनचा काही प्रमाणात होतो. मक्याचा फारसा नाही. मका, ज्वारी आणि ऊस ही 'सी-फोर' गटातली झाडं. त्यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आधीच एकवटून ठेवण्याची सोय असते. भांडं भरलेलंच असेल तर वरून आणखी ओतून काय उपयोग? अमेरिकेत इलिनॉयमध्ये आणि जर्मनीत ब्राउनश्वाइगला उघड्या शेतात जास्तीचा वायू सोडून प्रयोग झाले. पाणी पुरेसं असताना मक्याच्या उत्पादनात वाढ दिसली नाही. ताणाच्या परिस्थितीत मात्र थोडा आधार मिळतो. पानांवरची रंध्रं कमी उघडावी लागतात, त्यामुळे पाणी वाचतं. ही बचत खरी आहे, पण फुलोऱ्यातल्या उष्णतेच्या लाटेपुढे ती पुरी पडेल, असं मानणं भाबडेपणाचं होईल.

जास्त पावसानं मका बिघडतो का, की पाणी म्हणजे चांगलंच?

बिघडतो, आणि कधी कधी दुष्काळाइतकाच. अमेरिकेत २०१२ साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मक्याचं एकूण उत्पादन आदल्या वर्षापेक्षा साधारण १३ टक्क्यांनी घटलं. १९९३ साली मिसिसिपीच्या खोऱ्यात महापूर आणि गार, ओला उन्हाळा एकत्र आला, तेव्हा ते जवळजवळ एक तृतीयांशानं घटलं होतं. १९९२ हे विक्रमी पिकाचं वर्ष होतं, म्हणून घसरण जास्त दिसते हे खरं. तरीही पाण्याच्या अतिरेकाला कमी लेखू नये.

पाणी साचलं की मातीतली हवा जाते. मुळं गुदमरतात आणि पाणी सभोवार असूनही झाड कोमेजतं. सहा पानं होईपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या खाली असतो. त्यामुळे लहान रोपं पाण्याखाली गेली तर थंड हवेत दोन-चार दिवस तग धरतात, पण हवा आणि पाणी गरम असेल तर एका दिवसातही संपतात. शिवाय साचलेल्या गरम मातीत जिवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करतात आणि घातलेलं नत्र हवेत उडून जातं. पाणी ओसरल्यावर पीक पिवळं पडतं ते अर्धं यामुळेच. सगळं नत्र पेरणीलाच दिलेलं असेल तर नुकसान सर्वात जास्त. सततच्या ओल्या जमिनीत मुळं वरवरची राहतात आणि पुढे खंड पडला की तेच पीक सगळ्यात आधी माना टाकतं. ओला महिना आणि मग कोरडा महिना, ही जोडी मक्याला फार वाईट.

गारपीट आणि वादळाचं काय?

कोंब जमिनीत आहे तोवर गारांनी पानांच्या चिंध्या झाल्या तरी पीक बहुधा परत उभं राहतं. नांगर घालण्याआधी सात-आठ दिवस थांबून नवीन पान निघतंय का ते बघावं. तुरा बाहेर पडताना गारपीट झाली तर परिस्थिती उलटी असते, कारण तोवर सगळी पानं आलेली असतात आणि नवी येणार नसतात. वाऱ्यानं लोळलेलं कोवळं पीक वाकून का होईना उठतं. पोक्त पीक उठत नाही. १० ऑगस्ट २०२० ला अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून गेलेल्या वादळी वाऱ्यानं उभा मका मैलोन्‌मैल झोपवला, तेव्हा कणसं भरत आलेली होती.

एखादं वाईट वर्ष हे हवामान बदलामुळेच, असं म्हणता येतं का?

सरसकट नाही. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी १८१५ साली फुटला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या ईशान्य भागात भर उन्हाळ्यात हिमकडाका पडून मका करपला. ते हवामान होतं, पण हवामान बदल नव्हता. आजही एल निनोसारखे नैसर्गिक चढउतार आहेतच. २०२३-२४ च्या हंगामात एल निनोच्या काळात आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात भीषण दुष्काळ पडला. झांबियात सुमारे दहा लाख हेक्टर मका वाया गेला आणि झांबिया, मलावी, झिंबाब्वे या देशांनी २०२४ साली लागोपाठ आपत्ती जाहीर केली.

बदल दिसतो तो एका वर्षात नव्हे, वर्षांच्या रांगेत. पूर्वी क्वचित येणारी उष्णतेची लाट वारंवार येऊ लागते आणि नैसर्गिक चढउतार आधीच वर सरकलेल्या पायरीवरून सुरू होतात. जगभरातल्या वेगवेगळ्या पद्धतींचे अंदाज एकत्र करून २०१७ साली काढलेला आकडा असा : जागतिक सरासरी तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या वाढीमागे मक्याचं उत्पादन सरासरी ७.४ टक्क्यांनी घटतं. प्रमुख धान्यांत ही सर्वात मोठी घट आहे. यात वाण सुधारणा किंवा शेतकऱ्यांनी केलेले बदल धरलेले नाहीत, म्हणून याला भाकीत म्हणू नये. उतार किती तीव्र आहे, एवढंच हा आकडा सांगतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संगणकी प्रारूपांनी, उत्सर्जन अनिर्बंध राहिलं तर शतकाअखेरीस मका २४ टक्क्यांनी घटेल आणि गहू मात्र १७ टक्क्यांनी वाढेल, असं दाखवलं. टक्क्यांवर वाद होऊ शकतो. मका खाली जातो, यावर अशा अभ्यासांत बऱ्यापैकी एकमत आहे.

थंड प्रदेशांत तर फायदाच होईल ना?

काही ठिकाणी होतोही. जिथे हंगाम थंडीमुळे आखूड होता, तिथे आता जास्त दिवसांचे वाण घेता येतात. पण ऊब उत्तरेकडे सरकते, माती सरकत नाही.

अनेक देशांत एकाच वर्षी पीक गेलं तर?

मक्याच्या निर्यातीचा मोठा हिस्सा अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना आणि युक्रेन या चार देशांकडून येतो. एकाकडे दुष्काळ पडला तर दुसरा सांभाळून घेतो, असं आजवर चालत आलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं मोजलं, की चारही देशांत एकाच वर्षी दहा टक्क्यांहून जास्त तूट येण्याची शक्यता सध्या जवळपास शून्य आहे. जग दोन अंशांनी तापलं तर ती ७ टक्के होते, आणि चार अंशांनी तापलं तर ८६ टक्के. मला स्वतःला सगळ्या आकड्यांत हा सर्वात अस्वस्थ करतो. सरासरी उत्पादन किती घटेल हे एक वेळ पचवता येईल. सगळ्यांचं एकदम घटणं वेगळं.

किडी आणि रोग वाढतात ते यामुळेच का?

अंशतः. लष्करी अळीचं उदाहरण घ्या. अमेरिका खंडातली ही कीड २०१६ साली पश्चिम आफ्रिकेत, २०१८ साली भारतात आणि २०१९ साली चीनमध्ये आढळली. हा प्रवास तिनं हवामान बदलामुळे केला असं म्हणता येणार नाही. माणसांच्या दळणवळणाचाही त्यात वाटा असू शकतो आणि पतंग स्वतः एका रात्रीत लांब पल्ला गाठतात. पण तिची एक पिढी उबदार हवेत महिनाभरात पुरी होते आणि थंडीत दोन-तीन महिने घेते. तिला कडक हिवाळा सोसत नाही. हिवाळा सौम्य झाला की मुक्काम कायमचा होतो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, ओल्या भुश्यासारखी विष्ठा आणि पानावर आडव्या रांगेत भोकं दिसली की ती पोहोचली, असं समजावं.

रोगांचं गणित वाण आणि हवा मिळून ठरतं. १९७० साली अमेरिकेत पानांवरच्या करप्यानं सुमारे १५ टक्के मका खाल्ला. हवा उबदार आणि ओली होती हे खरं. पण देशभरातल्या बहुतेक संकरित बियाण्यात एकच दुबळा जनुकीय धागा होता, म्हणून त्या हवेचं संकट झालं.

दुष्काळी वर्षातला मका खायला धोक्याचा का म्हणतात?

अफ्लाटॉक्सिनमुळे. दाणे भरताना हवा गरम आणि कोरडी असली की अ‍ॅस्परजिलस ही बुरशी तडकलेल्या, किडीनं पोखरलेल्या दाण्यांत शिरते आणि हे विष तयार करते. ते शिजवून जात नाही. केनियात २००४ साली असा मका खाऊन १२५ लोक दगावले. बुरशीचा हिरवट-पिवळा थर दिसला तर मका बाजूला काढता येतो, पण विष असून थर न दिसणं हेही शक्य असतं. खातरी फक्त तपासणीनंच होते. कापणीनंतर दाणा १३-१४ टक्के ओलाव्यापर्यंत लवकर वाळवणं हा सर्वात स्वस्त बचाव. कापणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला की नेमकं तेच जमत नाही.

मग करायचं काय?

हाताशी एकच पाणी असेल तर ते केस बाहेर येण्याच्या सुमाराला द्यावं. पीक कोमेजलेलं दिसलं म्हणून गुडघाभर असतानाच ते संपवणं ही सर्वात महाग चूक.

दुसरं, सगळे पत्ते एका दिवशी उघडू नयेत. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं केलेली पेरणी किंवा वेगवेगळ्या मुदतीचे दोन वाण असले, की उष्णतेची एक लाट सगळा फुलोरा गाठू शकत नाही. चांगल्या वर्षी यात थोडं नुकसान होतं, हे मान्य करूनच हा मार्ग धरायचा.

वाणांमध्ये खरी प्रगती झाली आहे. मेक्सिकोतली 'सिमिट' ही आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन संस्था १९७० च्या दशकापासून दुष्काळात तग धरणारी झाडं निवडत आली आहे. त्यातली मुख्य कसोटी तीच, वर सांगितलेली : ताण असतानाही तुऱ्यामागोमाग केस येतात का. 'दुष्काळ सहनशील' असं पाकिटावर लिहिलेलं बियाणं घेताना हाच प्रश्न विचारावा. सहनशील म्हणजे पाण्याशिवाय येणारं नव्हे.

बाकीचं थोडक्यात : जमिनीवर काडीकचऱ्याचं आच्छादन, नत्र हप्त्यानं, कोरडवाहू शेतात रोपांची गर्दी कमी, आणि पाणी साचू न देणारे चर. सिंचनानं दुहेरी फायदा होतो, ओलही मिळते आणि पीकही गार राहतं. पण ज्या वर्षी सिंचनाची गरज सर्वात जास्त, त्याच वर्षी विहिरी आणि धरणं आटलेली असतात.

कापणीच्या वेळी कणीस पाहून हंगामात काय घडलं ते ओळखता येतं का?

बरंचसं येतं. केस बुडाकडच्या दाण्यांचे आधी निघतात, टोकाकडचे शेवटी. म्हणून टोक रिकामं असेल आणि तिथे दाण्याचा मागमूसही नसेल, तर उशिरा आलेल्या केसांना पराग मिळाला नाही. टोकाशी सुकलेले, चिमणे, पांढरट दाणे असतील तर परागीभवन झालं होतं, पण पुढच्या दोन आठवड्यांत ताण किंवा ढगाळ हवा आली आणि झाडानं ते दाणे सोडून दिले. कणीसभर इथेतिथे तुरळक दाणे असतील तर फुलोऱ्यातच घात झाला, उष्णतेनं किंवा केस कुरतडणाऱ्या किडीनं. सगळ्या ओळी पूर्ण, पण दाणे उथळ आणि हलके असतील, तर शेवटचा महिना वाईट गेला. दाण्याच्या बुडाशी काळा थर येतो, तेव्हा त्याचं भरणं थांबलेलं असतं.

आणि प्रत्येक कणीस टोकापर्यंत गच्च भरलेलं दिसलं, तर लगेच पाठ थोपटून घेऊ नये. ओळीत उभं राहून रोपं मोजावीत. पुष्कळदा पेरणी विरळ झालेली असते आणि पाऊस मिळूनही त्या शेतातून आणखी काही पोती निघाली असती.